एक्केचाळीस जणांचं चित्र

दाराबाहेर चिखलाने माखलेल्या चपलांचे एकोणतीस जोड. बाकीची बारा मुलं अनवाणीच येतात.

तारापूरच्या कारखान्यांकडून येणारा आंबूस वास. ऑगस्ट १९९७.

निळ्या रेक्झिनखाली झाकलेला संगणक. शाळेत एकच, आणि त्याला स्वतःचा पंखा.

पावसाने फुगलेला, धड न मिटणारा दरवाजा.

आणि महिनाभरापूर्वी त्या दरवाजात अडवली गेलेली दमयंती.

"चपला बाहेर, बाई."

"काढल्या की."

"पाय ओले आहेत."

"मग तेही बाहेर ठेवू?"

दार अडवून उभा असलेला माणूस हसला, आणि हसताना खाली बघू लागला. दमयंतीला वाटलं, चला, लाजणारा आहे, म्हणजे निभेल.

हा नरहरी. पालघरचा. बोईसरच्या या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना संगणकावर चित्र काढायला शिकवावं, म्हणून संस्थेने त्याला बारा आठवड्यांसाठी नेमलं होतं. बाई म्हणजे दमयंती, माकुणसारची. आठ वर्षं हातात ब्रश, पण माउस धरला की तो ओल्या साबणासारखा निसटायचा.

"तुम्हाला स्वतःला चित्र काढता येतं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"साधं आंब्याचं पानसुद्धा नाही."

"मग मला काय शिकवणार?"

"तुमचा हात कुठे अडतो, तेवढं सांगीन." मग जरा थांबून, "आत्ता… रागात अडलाय."

पाऊस रोजच होता. खोलीला कोंदट वास यायचा, कागद दमट पडायचे, दुपारी तीनलाच दिवा लावावा लागायचा. त्या फिकट उजेडात दोघं एका पडद्यासमोर बसायची, मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून. पुढच्या आठवड्यात ती खुर्ची कुणी हलवली, हे दोघांनीही विचारलं नाही.

आठवडे मात्र बाराच होते. शेवटच्या शनिवारी संस्थेचे अध्यक्ष मुलांचं काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर संगणकावर चित्रकलेचा तास कायमचा, आणि नरहरीही कायमचा. नाहीतर तो गेला.

म्हणून नववीच्या एक्केचाळीस मुलांनी मिळून एकच चित्र काढलं. प्रत्येकाने एक वस्तू काढायची.

"बाई, माजी होडी चिमणीत घुसली हाय!" सुलू ओरडली.

"घुसू दे," मासवणकडची बुधी म्हणाली. "त्यांचा धूर आमच्या घरात घुसतो, तवा कोण वरडतं?"

नरहरी इतका हसला की दमयंतीला त्याच्याकडे बघायला निमित्त मिळालं.

नऊ तासिकांनी चित्र पुरं झालं. ते एका फ्लॉपीवर होतं. रोज तास संपला की नरहरी ते जतन करायचा, दमयंती नुसती बघायची. "एकदा तुम्ही करा ना…" तो म्हणायचा. "उद्या," ती म्हणायची.

शेवटच्या शुक्रवारी त्याला मुख्याध्यापकांनी बोलावलं. घंटा झाली. मुलं चपला शोधत पळाली. दमयंती एकटी उरली.

आठ वर्षं तिची एकच शिस्त होती. वर्ग सोडताना पुढच्या बाईंसाठी फळा स्वच्छ पुसून ठेवायचा. हात आपोआप गेला. सगळं चित्र पुसण्याची खूण तिला पहिल्याच आठवड्यात पाठ झाली होती. पडदा पांढरा झाला. मग, नरहरी करायचा तसंच एकेक करत, तिने ते जतन केलं. कुठेही अडलं नाही. फ्लॉपी डब्यात ठेवून, कव्हर घालून ती बाहेर आली. व्हरांड्यात तो भेटला.

"जमलं?"

"सगळं एकटीने!"

 त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं… आणि त्या पाहण्याने ती घरी पोचेपर्यंत भिजली, छत्री बगलेत तशीच.

शनिवारी अध्यक्षांसमोर पडदा उजळला. पांढरा. फ्लॉपीवर एकच चित्र होतं, तेही पांढरं.

"कोरा कागद तर आमच्या शाळेत आधीपासून आहे," अध्यक्ष म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दमयंतीला एका क्षणात सगळं कळलं. ती उठली. पण तिच्या आधी नरहरी बोलला, "माझी चूक, साहेब. मी फ्लॉपी नीट बघितली नाही."

तास मिळाला नाही. संध्याकाळी तो बॅग घेऊन रिक्षाची वाट बघत फाटकापाशी उभा होता. पावसात रस्ता करडा, आभाळ करडं, मधल्या कारखान्यांच्या चिमण्याही.

"मी फळा पुसला," ती म्हणाली. "तुम्ही का बोललात?"

"तुम्हाला इथं रोज यायचंय, बाई. मला नाही."

"मला 'बाई' म्हणू नका."

 तो अगदी हळू म्हणाला, "दमयंती…"

"मला वाटलं होतं, तुम्ही राहाल. मी घरीसुद्धा सांगून बसले होते, की… एकजण आहे."

"माझी काळजी नको. सिल्वासाच्या कारखान्यात जागा ठरलीय. चांगली आहे."

"खरंच?"

"अगदी."

रिक्षा आली. त्याने तिची छत्री तिच्या हातातून घेतली, उघडली, आणि परत तिच्याच हातात दिली. बोटं जरा वेळ तिथेच राहिली. मग रिक्षा वळणाआड गेली.

सिल्वासाच्या नोकरीचं पत्र त्याला गुरुवारी आलं होतं, आणि येणार नाही असं उत्तर त्याने त्याच दुपारी टपालात टाकलं होतं.