राजशेखरचा परस

देवणीच्या पुढं बसवंतआप्पांची विहीर एवढी खोल, की सकाळी आत हाक मारावी आणि भाकरी खाऊन आल्यावर तिचा पडसाद ऐकावा. खोटं वाटत असेल तर आप्पांच्या मुलाला, राजशेखरला विचारा. त्याला मंजुश्री पहिल्यांदा दिसली ती याच काठावर, आत वाकलेली...

“मॅडम, जीव द्यायचा असंल तर दुसरी हीर बघा. ही प्यायची हाय.”

“जीव नाही, पाणी मोजायचंय.” ती वळली, आणि राजशेखरला एकदम तहान लागली.

लातूरच्या एका संस्थेतून ती शाळांमध्ये पाणी आणि बदलतं हवामान शिकवायची. एका विहिरीची वर्षभराची रोजची नोंद दाखवली, तर चाळीस शाळांत तिचा वर्ग सुरू होणार होता. नाहीतर नोकरीच संपणार होती. रोज मोजायचं राजशेखरनं अंगावर घेतलं. ती टेप देऊन गेली. मग दर सोमवारी फोन... “मोजलं का?” “मोजलं की.” पुढं तासभर दुसरंच बोलणं.

वर्षानं तिनं वही उघडली आणि मटकन बसली.

“सहा परस... सहा परस एक वीत... मीटर कुठं आहेत?”

“दोर धरून हात पसरले की एक परस. हिरी अशाच मोजतेत.”

“आणि टेप?”

“जपून ठेवलाय. तुमची वस्तू... भिजली असती.”

तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं. “हात कुणाचे?”

“माझेच. दुसऱ्याला दोराला शिवू दिलं न्हाई.”

“मग आणा तो टेप. पसरा हात.”

बोटापासून बोटापर्यंत तिनं टेप ताणला. छातीपाशी तो थरथरला.

“हलू नका. चाळीस शाळांचा प्रश्न आहे.”

“मी कुठं हलायलोय... आतलं हाय ते.”

एक मीटर अठ्ठ्याहत्तर. मग वीतही मोजली, आणि तेवढ्यावर सगळी वही मीटरमध्ये आली. तीनशे पासष्ट ठिपके जोडलेला कागद शाळेच्या भिंतीवर लागला. रेघ वैशाखात खोल गेलेली, भाद्रपदात वर आलेली... भुई श्वास घेत होती, इतकी वर्षं, सगळ्यांच्या पायाखाली.

महिन्यानं ती मंजुरीचं पत्र घेऊन विहिरीवर आली. राजशेखर दोर ताणून उभा.

“वर्ष संपलं की. अजून मोजताय?”

“सवय लागली... हिरीची.” तो थांबला. “न्हाई. तुमची.”

तिनं पत्र दाखवलं. ते घ्यायला त्याचे हात मोकळे नव्हते, दोन्ही दोरावर पसरलेले.

“हात खाली घेऊ का मॅडम?”

“इतक्यात नको,” ती म्हणाली, आणि त्या एक मीटर अठ्ठ्याहत्तरच्या बरोबर मध्यावर येऊन उभी राहिली.