हिरव्या पडद्याच्या फोटोतला माणूस

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही. मला ती माझ्या मावसबहिणीने सांगितली, आणि जन्मात तिने मला कधी थाप मारलेली नाही. आम्ही घरचे तिला चिमी म्हणतो.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळ. घराची पुढची लांबट खोली, तिची लाकडी जमीन, एका बाजूला खिडकी, समोरच्या भिंतीशी शिवणयंत्र आणि मागे आतल्या खोलीचं दार.

चिमी पडदे शिवते. तिचा नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. हत्यारांची जड पिशवी वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर वाहून त्याचा तो खांदा कायमचा खाली आला होता. आदल्या थंडीत तो आजारी पडला, तो काही उठला नाही.

नवरा गेल्यावर घर चिमीला खायला उठायचं. मग तिची लहानपणची मैत्रीण सोबतीला आली आणि आतल्या खोलीत राहू लागली. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून शाळेपासून तिचं नाव टाचणी. कापड कापण्यात तिचा हात बसलेला. चिमीला वाटलं, देवानेच धाडली.

पडद्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवता यावेत म्हणून चिमीने कॅमेरा घेतला. अगदी शिकाऊ माणसाचा, साधा. खोलीच्या मधोमध दांडीवर पडदा टांगायचा, समोर कॅमेरा. टाचणी कॅमेऱ्याला चिकटून उभी राहायची, हातात मोठा पांढरा पुठ्ठा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून पडद्यावर पडावा म्हणून.

"हात दुखला गं माझा. मी काय दिव्याचा खांब आहे?"

"खांब बरा. तो तोंड तरी मिटून उभा असतो."

अशी त्यांची बडबड चालायची.

त्या संध्याकाळी पडदा गडद हिरवा होता. उजेड उतरलेला. चिमीने कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वर चढवला आणि फोटो काढला. रात्रीच्या जेवणाआधी कॉम्प्युटरवर उघडला, तर सगळ्या फोटोवर दाणेच दाणे. वाळू भुरभुरल्यासारखे.

पडद्याच्या कडेपलीकडे, मागच्या आतल्या दाराशी, ते दाणे जरा दाट होते…

माणसाच्या उंचीएवढे दाट.

आणि त्या दाट जागेचा डावा खांदा खाली आलेला होता.

चिमीने दाराकडे पाहिलं.

दाराशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरेवाल्याकडे गेली. म्हातारा मोठा गमत्या. तिने फोटो दाखवला, दाराविषयी मात्र अवाक्षर काढलं नाही.

"हा नॉइज," तो म्हणाला. "अंधारात आयएसओ चढवला की येणारच. आंधळ्याला ताणून बघायला लावलं तर तो काहीबाही बघणारच की."

"मग लेन्स बदलू? ती लांबचं जवळ आणणारी?"

"अजिबात नको. ती लांबचं जवळ आणेल, पण अंधार तसाच ठेवेल. तुझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सचं तोंड बारीक आहे, उजेड घोट घोट पिते. ही पन्नासवाली बघ. हिला झूम नाही, चालत मागेपुढे व्हायचं. पण तोंड केवढं आहे! उजेड गटागटा पिते."

"आणि तिपाईवर ठेवून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर?"

"ठेव की."

"रस्त्यावरून जड गाडी गेली की आमची जमीन थरथरते. फोटो हलतो."

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. "मग असं कर. तिपाई लाव, आणि एकाच जागेचे पुष्कळ फोटो भराभर काढ. कॉम्प्युटरवर ते एकावर एक रचायचे. जरासे हलले असतील तर तो जुळवून घेतो. दाणा दर फोटोत जागा बदलतो, त्यामुळे रचले की पुसला जातो. जे खरं असतं ते जागा सोडत नाही. तेवढंच उरतं."

चिमीने लेन्स घेतली. घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. तिला वाटलं, आता ते दाणे पुसले जातील आणि दाराशी रिकामी जागा उरेल. नाहीतर…

नाहीतर काय, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने तिपाई लावली. पन्नासच्या लेन्सला मागे सरकावं लागतं, म्हणून कॅमेरा पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नेला. टाचणी नेहमीप्रमाणे शेजारी पुठ्ठा धरून. चिमीने फोटो काढले आणि टाचणी भाजी आणायला गेल्यावर रचले.

दाणे गेले.

तो गेला नाही.

दाराशी तिचा नवरा उभा होता. जरा पुसट, कारण फोकस पडद्यावर होता आणि ही लेन्स एकाच अंतरावरचं स्पष्ट पकडते, मागचं विरघळवते. पण तोच. खांदा तोच. आणि तोंड सरळ कॅमेऱ्याकडे.

चिमी घाबरली नाही. ती रडली. पदराने नाक पुसत फोटोला म्हणाली, "थांबलात होय माझ्यासाठी?"

भिंतीतला पाण्याचा पाईप वाजला.

टक… टक…

नळ बसवून झाला की तो असाच पाना आपटून बघायचा.

त्यानंतर चिमीची कळाच बदलली. ती गुणगुणायला लागली. संध्याकाळ झाली की केस विंचरायची, बऱ्यातली साडी नेसायची, मग कॅमेरा लावायची. प्रत्येक वेळी तो दाराशी असायचा आणि प्रत्येक वेळी तिच्याकडेच बघत असायचा. टाचणीला तिने काही सांगितलं नाही. ही फक्त तिची आणि तिच्या माणसाची गोष्ट होती.

टाचणी मात्र उतरत चालली होती. डोळ्यांखाली काळं.

"झोप नाही लागत गं. तो पाईप माझ्या उशाशीच वाजतो."

"पाईपच तो. हवा भरली असेल," चिमी म्हणायची आणि मनातल्या मनात हसायची.

पण तिला त्याचा चेहरा नीट बघायचा होता. मनात एवढंच. डोळे, भुवया, सगळं. त्यासाठी फोकस पडद्यावर नाही, दारावर हवा होता. आणि तिन्हीसांजेला त्या काळ्या दारावर कॅमेरा काही केल्या फोकस धरेना. त्याला पकडायला काहीतरी लागतं.

"टाचणे, जरा दाराशी उभी राहतेस? फोकस धरायचाय."

"पडदा इकडे आणि फोकस तिकडे? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"राहा गं उभी."

टाचणी दाराशी गेली. उभी राहिली आणि एकदम दंड चोळायला लागली.

"इथे काय गार आहे गं…"

फोकस बसला. चिमीने तो हलू नये म्हणून लेन्सची आपोआप फोकस करायची कळ बंद केली. "झालं. ये आता पुठ्ठा धरायला."

पण तेवढ्यात टाचणीचा फोन वाजला. एक गिऱ्हाईक होतं. ती बोलत बोलत खिडकीशी जाऊन बसली. उजेड चालला होता. चिमीने पुठ्ठ्याशिवायच फोटो काढून घेतले.

रात्रीपर्यंत तिला धीर नव्हता. तिथेच बसून रचले.

दाणे विरले… दाराची चौकट आली… कडी आली…

आणि तो आला. इतका स्पष्ट की गालावरचा तीळ दिसत होता.

फक्त त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं.

तो खिडकीकडे बघत होता.

चिमीने आधीचे सगळे फोटो पुन्हा उघडले. सगळ्यांत तो कॅमेऱ्याकडे बघत होता. आणि ते सगळे काढताना कॅमेऱ्याला चिकटून, पुठ्ठा धरून, टाचणी उभी होती.

दुसऱ्या संध्याकाळी तिने टाचणीला शिवणयंत्राशी बसवलं.

तो शिवणयंत्राकडे बघत होता.

तिसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी लावायला पाठवलं, आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः जाऊन उभी राहिली. टायमर लावून. अगदी त्याच्यासमोर, हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळ. केसांत फूल माळून.

फोटोत तो तिच्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडे बघत होता.

जणू चिमी त्याच्यासमोर नव्हतीच.

चिमीने केसांतलं फूल काढलं आणि कात्रीने त्याचे बारीक बारीक तुकडे केले. टाचणी विचारत होती, "आज गप्प का गं?" चिमी म्हणाली, "डोकं दुखतंय."

पुढे किती दिवस तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. पाईप वाजत होता. आता तिला नीट ऐकू यायला लागलं की तो तिच्या भिंतीत नाही, पलीकडच्या भिंतीत वाजतो.

मग एका संध्याकाळी टाचणीच तिच्यासमोर येऊन बसली.

"चिमे, मला मार, घराबाहेर काढ, पण ऐक. माझ्या खोलीत कोणीतरी असतं. मी झोपले की गादी एका बाजूने खाली जाते."

"कोण असणार?"

टाचणी रडायला लागली. "भावजी."

चिमीने हातातली सुई कापडात खोचली.

"आमचं… तू माहेरी गेली होतीस ना आईच्या आजारपणात, तेव्हापासून. तुला सांगणार होते ते. दर वेळी म्हणायचे, सांगतो. मीच म्हटलं, पुरे झालं, मला नाही जमत. चिमीचं मीठ खाल्लंय मी. त्यावर काय म्हणाले माहितीय? 'तुला घेतल्याशिवाय मी जाणार नाही.' आणि मग आजारीच पडले."

"आणि तू माझ्याकडे राहायला आलीस."

"तू बोलावलंस! मी नाही कशी म्हणणार? काय कारण सांगणार होते तुला?" तिने चिमीचे दोन्ही हात धरले. "तुझा तो कॅमेरा अंधारातलं दाखवतो ना? एकदा माझ्या खोलीत लाव. कोणी असेल तर मी आत्ताच्या आत्ता निघते, इथे पाऊल ठेवणार नाही. नसेल तर मला वेड लागलंय असं समजेन. पण तू खरं सांग. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

चिमीने तिपाई उचलली.

टाचणी आपल्या पलंगावर बसली, भिंतीकडे पाठ करून. खिडकीत थोडा उजेड शिल्लक होता. चिमीने फोकस तिच्या चेहऱ्यावर धरला. फोटो काढायला लागली. भिंतीतला पाईप गप्प होता. घरातलं सगळंच गप्प होतं. बाहेरच्या गाड्यांचाही आवाज नव्हता…

"झालं?"

"झालं."

टाचणी पलंगावरच बसून राहिली. चिमी बाहेर येऊन कॉम्प्युटरपाशी बसली. फोटो रचले.

दाणे एकेक करून विरत गेले.

तो टाचणीच्या मागे गुडघ्यांवर बसला होता. भिंत आणि तिच्या पाठीमध्ये वीतभरही जागा नव्हती, तरी बसला होता. दोन्ही हात तिच्या मानेभोवती. गळता पाईप आवळताना धरतात, तसे. घट्ट, आणि कामात गुंतलेला माणूस असतो तसा खाली बघत.

"चिमे?" आतून हाक आली. "दिसतंय का काही?"

चिमीने रचलेला फोटो बंद केला. त्यातला एकच, कच्चा, दाण्यांनी भरलेला फोटो उघडून ठेवला.

"ये, तूच बघ."

टाचणी आली. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बघितलं. ती, पलंग, भिंत आणि त्यावर नुसती वाळू.

"हे काय आहे माझ्या मागे? हे दाट दाट?"

"नॉइज गं. कॅमेरा स्वस्तातला आहे, अंधारात असे दाणे येतातच." चिमीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "कोणी नाहीये तिथे. झोप जा निवांत."

टाचणी तिच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुझ्यासारखी तूच.

हे सगळं चिमीने मला मागच्या महिन्यात सांगितलं. त्याच पुढच्या खोलीत, पडद्याला अस्तर लावता लावता. तो रचलेला फोटोही दाखवला. मी तो एकदाच पाहिला. पुन्हा पाहणार नाही.

मी म्हटलं, "अगं, पण तिला सांगायला हवं होतंस."

चिमीने दोरा दाताने तोडला.

"मला कोणी सांगितलं होतं, दादा?"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि टाचणी चहा घेऊन आली. इतकी वाळलीय की कप बशीवर वाजत होता. गळ्याला गरम मफलर गुंडाळलेला. म्हणाली, हल्ली घोट गिळताना दुखतं, डॉक्टरला काही सापडत नाही.

"पण झोप लागते हो दादा," ती हसून म्हणाली. "चिमीने फोटो काढून दाखवला ना, तेव्हापासून भीतीच गेली."

चिमी खाली मान घालून टाके घालत होती.

मी चहा घेतला. टाचणीच्या तोंडाकडे बघूनच बोललो, जे सुचेल ते बोललो. तिच्या मागे बघायची माझी काही छाती झाली नाही.