हा मक्या नाही

दारावरची घंटा थांबायचं नाव घेईना. वकीलसाहेबांनी वैतागून दार उघडलं, तर समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी. नाक लाल, मुठी आवळलेल्या, काखेत एक चपटं खोकं.

"तपास करणाऱ्या बाई इथेच असतात ना? मला घरात सगळे खोटारडी म्हणतायत. मी खोटारडी नाहीये!"

"हळू बोल. आरडाओरडा नको."

"का नको?" आतून बाईंचा आवाज आला. "खोटारडी म्हटल्यावर ओरडायलाच हवं. ये गं आत."

बाईंनी उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर खासगी तपासाचं काम धरलं. वकिली सोडलेले हे शेजारी त्यांच्याबरोबर हिंडत. कायद्याचं कलम त्यांना झोपेतही आठवे, पण डोळ्यांसमोरची वस्तू हमखास उशिरा दिसे.

मुलीने खोकं उघडलं आणि वकील टुणकन मागे सरले. आत सापाची अख्खी कात होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

"ही माझ्या मक्याची. सुट्टीआधीच मी जपून ठेवलेली. मक्या म्हणजे माझा कॉर्न स्नेक. बिनविषारी असतो, आजोबा. घाबरू नका."

"घाबरतंय कोण? आणि आजोबा कुणाला म्हणतेस?" वकील खुर्चीच्या आडून म्हणाले.

वर्षभर पाठपुरावा करून तिने मक्या मिळवला होता. दुकानातली सगळी पिल्लं तिने निरखली. डोळे स्वच्छ हवेत, जीभ लवलवती हवी, हे तिला ठाऊक होतं. शिवाय दुकानदाराने आपल्यासमोर त्याला खाऊ घालावं असा तिने हट्ट धरला होता, कारण न खाणारं पिल्लू घरी आणायचं नसतं. सुट्टीत ती आईबरोबर आजीकडे गेली. काल परतली, तर पेटीत साप होता, पण तो मक्या नव्हता.

"आई म्हणते, साप सगळे सारखेच. मामा म्हणतो, ऊन लागलंय हिला. आणि बाबा म्हणतात..." तिचा आवाज चिरकला. "बाबा म्हणतात, तुला नीट आठवत नसेल. पुन्हा हे बोललीस तर हा सापही देऊन टाकू, असं आईने बजावलंय. बाई, माझा मक्या कुठाय?"

बाईंनी कात उजेडात धरली. पाठीवरच्या ठिपक्यांची पुसट नक्षी तिच्यात उमटली होती. डोक्यामागचे पहिले दोन ठिपके एका बारीक दांडीने जोडलेले होते, चष्म्यासारखे.

"पाहिलंत, वकील?"

"कात पाहिली. पुरे झाली."

---

मुलीच्या खोलीत नव्या रंगाचा वास होता. भिंती पिवळ्याधमक. एका भिंतीशी फळी, फळीवर काचेची पेटी. पेटीच्या काचेवर रंगीत मेणाचं फूल चिकटवलेलं होतं, पण त्याच्या पाकळ्या ओघळून खाली लोंबत होत्या.

"मी असं नव्हतं लावलं," मुलगी फणकारली. "छान गोल होतं."

पेटीत पाण्याचं भांडं, एका टोकाला खाली उबेचा पट्टा, त्याला तापमान राखणारं यंत्र. झाकणाच्या कड्या घट्ट. साप एका सालीखाली मुटकुळं करून बसलेला.

"मक्या मला पाहिलं की बाहेर यायचा."

बाईंनी फळीमागे डोकावून पाहिलं. "रंग अगदी सफाईने दिलाय. पेटीमागेसुद्धा."

"आपण साप शोधायला आलोय की रंगारी?" वकील पुटपुटले.

आई दारातच उभी होती. "मला त्या जनावराची किळस येते, लपवत नाही. पण मी हिच्याबरोबर होते. आमच्या मागे यांनी स्वतः खोली रंगवली, लेकीला आवडेल म्हणून. आणि ही आल्यापासून थयथयाट करतेय! भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही."

मामा बाहेर सोफ्यावर पसरला होता. "मी तर पहिल्या दिवसापासून सांगतोय, ती दोरी खिडकीबाहेर फेका. पण मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, बाई. मला स्वप्नातसुद्धा साप दिसतात."

"हाच!" वकील बाईंच्या कानाशी लागले. "स्वतःच्या तोंडाने बोललाय."

"म्हणूनच नसेल," बाई म्हणाल्या.

बाबा सगळ्यात शेवटी आले. नखांत अजून पिवळा रंग. आवाज मऊ, नजर खाली.

"सापातलं मला ओ की ठो कळत नाही. मी फक्त पाणी बदलत होतो. पेटी जागची हललीही नाही. कात टाकली की रंग उजळतो, म्हणून हिला तो वेगळा वाटतोय."

"रंग उजळतो, खरं आहे. मग आता त्याला खायला कधी द्यायचं?"

"इतक्यात नको! आठवडाभर खायला द्यायचं नाही आणि हातही लावायचा नाही."

"असं कुणी सांगितलं?"

बाबा अडखळले. "कुठेतरी वाचलं."

"पण मक्याचा खायचा दिवस कालच होता!" मुलगी पाय आपटत ओरडली. "गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्यात धरला की तो लगेच घ्यायचा! काल बाबांनी मला झाकणच उघडू दिलं नाही!"

बाई पुन्हा मुलीच्या खोलीत शिरल्या आणि पेटीसमोरच्या खिडकीशी गेल्या. दुपारचं ऊन थेट आत येत होतं. त्यांनी कट्ट्यावर तळवा टेकवला आणि चटकन उचलला. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून वकील बाजूला झाले. बाई चिडल्या की आवाज चढवत नसत, उलट तो खाली जाई.

"सगळे आत या."

---

"बेटा, झाकण उघड. साल हळूच उचल. सापाला हात लावू नकोस."

मुलीने साल उचलली. वकिलांनी सगळा धीर एकवटून मान पुढे केली आणि या वेळी त्यांनाही दिसलं. डोक्यामागचे दोन ठिपके सुटे होते. मध्ये दांडी नव्हती.

"वाढत्या वयात आणि कात टाकल्यावर रंग बदलतो," बाई म्हणाल्या. "ठिपक्यांची जोडणी तशीच राहते. ही मुलगी खरं बोलत होती. आता प्रश्न उरतो, साप बदलला कुणी?

"पेटी हलली नाही, असं बाबा म्हणाले. मग तिच्यामागची भिंत रंगवली कशी? पेटी हलवली आणि ठेवली खिडकीत. मेणाचं फूल या सावलीतल्या भिंतीशी ओघळत नाही. उन्हातली बंद काचेची पेटी भट्टीसारखी तापते. पट्टा बंद असला तरी.

"आणि आठवडाभर खाणं नाही, हाताळणं नाही. हा सल्ला दुकानदार देतो, नवा साप घरी नेणाऱ्याला. नव्या जागेत त्याला रुळू द्यायचं असतं. महिनोन्महिने इथे राहिलेल्या मक्याला त्याची काय गरज?"

बाबा कॉटच्या कडेवर बसले.

"रंगाचा वास त्याला सोसणार नाही वाटलं," ते म्हणाले. "म्हणून खिडकीपाशी ठेवला. सकाळी तिथे सावली होती. रंगवून थकलो, जरा आडवा झालो, डोळा लागला..."

"अहो!" आईने तोंडावर हात धरला. "आणि मला बोलला नाहीत? मी हिला काय काय बोलले!"

"चूक कुणाच्याही हातून होते," बाई म्हणाल्या. "मक्या गेला, ती चूक. पण काल ही पोर तुमच्यासमोर उभी राहून खरं सांगत होती, आणि तुम्ही तिला म्हणालात, तुला नीट आठवत नसेल. मी जन्मभर मुलांना एकच शिकवलं, नीट बघा आणि बघितलं ते सांगा. हिने तेच केलं. बापाने तिला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला! याला मी चूक म्हणणार नाही."

"तिला रडताना बघवलं नसतं मला."

"मी कालपासून रडतेच आहे!" मुलगी किंचाळली. "तू बघत होतास!"

ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"कुठे ठेवलास त्याला?"

"मागे. लिंबाच्या झाडाखाली."

मुलीने काचेवरचं लोंबतं फूल नखाने खरवडायला घेतलं. बाबा मदतीला उठले.

"हात नको लावूस."

फूल मुठीत घेऊन ती दारापर्यंत गेली आणि थांबली. मागे येऊन तिने झाकणाच्या कड्या लावल्या, उबेच्या यंत्रावरचा आकडा वाचला, सालीखालच्या त्या अनोळखी सापाकडे क्षणभर पाहिलं.

"याचा काही दोष नाही," ती म्हणाली. "याला आठवडाभर कुणी त्रास द्यायचा नाही. आणि बाबा, त्याला मक्या म्हणायचं नाही. कधीच नाही."

"नाही म्हणणार."

"चल. जागा दाखव."

ती पुढे निघाली. बाबा मागून. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण अंगणाचं दार त्यांच्यासाठी उघडं धरलं.