न ओलांडलेला ओहळ

थरच्या वाळवंटात, मधाच्या रंगाच्या वालुकाश्मांमधल्या छावणीत, डॉ. त्र्यंबकराव निफाडकर तीन दिवस पोटभर जेवून उपाशी होते. अंगी काही लागतच नव्हतं.

"अहो, जीव जाईल तुमचा," डॉ. कुमुदिनीबाई म्हणाल्या. नवराबायको दोघंही पदार्थविज्ञानातले.

मधल्या सुळक्याभोवती अर्ध्या तासाची गोल पायवाट होती. तिथलं अवकाशच पीळ पडलेलं. पुरी फेरी मारली, की माणूस आरशातल्यासारखा पालटून येई, बरोबरच्या वस्तूंसकट. बाईंनी त्याला नाव दिलं होतं 'आरसवळसा'. पहिल्याच फेरीत त्र्यंबकरावांचं काळीज उजवीकडे गेलं, शर्टाचा खिसाही.

"अन्नाचे रेणू म्हणजे उजवे हातमोजे, आणि तुमचं पोट आता डावा हात. पुन्हा एक फेरी मारा, व्हाल सरळ."

"चार मारल्या!"

"कशा? काढून दाखवा बघू."

त्र्यंबकरावांनी वाळूत बोट फिरवलं. सुळक्यापासून निघून वाट कापणाऱ्या कोरड्या ओहळापर्यंत गेले, मागे फिरले. दुसऱ्या बाजूनं ओहळापर्यंत, पुन्हा मागे.

"ओलांडला का नाहीत?"

"सुळका पिंडीसारखा आहे गं," ते पुटपुटले. "पिंडीचं पाणी जातं ती वाट ओलांडत नाहीत. पहिल्या दिवशी ती वाळूखाली होती, दिसली नाही. मग वाऱ्यानं उघडी पडली."

"अहो, महादेवाला चालतं, भूमितीला नाही! गेलात तेवढं उलगडून आलात."

"पाप लागेल."

"लागू दे. जेवण तरी लागेल."

जीप उद्या दुपारी येणार होती, आणि जेवणाचा शेवटचा डबा उरला होता. त्र्यंबकरावांनी तोच काखेत मारला. "सरळ झालो की तिथंच बसून खाईन," म्हणाले आणि डोळे मिटून ओहळ ओलांडून गेले.

अर्ध्या तासानं आले. खिसा डावीकडे, काळीज डावीकडे. बाईंनी त्यांच्या छातीला कान लावला, आणि जरा जास्तच वेळ लावून ठेवला.

"खाल्लंत?"

"एकच घास. शेपूच्या भाजीला पुदिन्याचा वास का येतोय?"

बाईंनी डबा हातात घेतला. झाकणावर कोरलेलं सासूबाईंचं नाव उलटं झालं होतं.

"तुम्ही सरळ झालात, आणि भाजी पालटली. रेणू तोच, हात दुसरा. आता आणखी दोन फेऱ्या. पहिली डबा घेऊन, म्हणजे भाजी सरळ; दुसरी डबा इथं ठेवून, म्हणजे तुम्ही सरळ."

"म्हणजे आणखी दोनदा ओलांडायचं?"

"मी येते बरोबर. पाप निम्मं निम्मं."

त्र्यंबकरावांनी डबा उचलला, सुळक्याला हात जोडले आणि म्हणाले, "देवा, घटकाभर तिकडं बघ."