मुद्दाम काढलेल्या चुका

राजश्रीची नजर आता परत येणार नाही, हे बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं तो शुक्रवार होता.  निपाणीत घरात शिरल्यावर ती भावाला एवढंच म्हणाली, "सन्मती, रेडिओ लाव."

कॉलेजात असताना परीक्षा देऊन तिनं हॅम रेडिओचं लायसन काढलं होतं. छपरावर एक तार ताणायची आणि आपल्या खोलीतून समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, हा तिचा छंद. त्या संध्याकाळी सेट सुरू झाला, खरखर आली, आणि खरखरीच्या मागून कुणीतरी बोलू लागलं. तिनं तसंच बसून ऐकलं.

पण फार लांबचे, अगदी क्षीण सिग्नल पकडायला कॉम्प्युटर लागे. त्यावरचं सॉफ्टवेअर ते सिग्नल रंगीत रेघांनी दाखवी. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या तिच्या स्क्रीन रीडरला त्यातलं काही उमगेना. तो नुसता म्हणे, "बटण. बटण. बटण."

एका सकाळी आसपासच्या हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या गप्पांत तिनं राग काढला. "हे सॉफ्टवेअर ज्यानं केलंय, त्याला डोळे बांधून आमच्या चौकात सोडला पायजे."

 मग एक संकोचलेला आवाज... "कुठल्या चौकात येऊ?"

"कोण बोलतंय?"

"ओमकार. बेळगावच्या अनगोळहून. त्यातली निम्मी बटणं माझी हायत. म्हणजे... ते फुकटचं असतंय, कुणीबी उघडून दुरुस्त करावं असं. नोकरीतून वेळ मिळंल तसं मी करतो."

"मग बटणांचं बारसं करायचं राहिलं व्हय?"

"राहिलं. रविवारी येऊन करतो. चालंल?"

"या. येताना घुगऱ्या आणा."

तो खरंच डबाभर घुगऱ्या घेऊन आला. राजश्रीची आई कांताबाई पदर तोंडाला लावून हसली.

आल्या आल्या त्यानं कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. "पडदा बंद. आता मीबी तुमच्यासारखाच."

"न्हाय. तुम्हाला पायजे तेव्हा लावता येतोय."

 तो हळूच म्हणाला, "खरं हाय." त्यानं वाद घातला नाही, हे तिला आवडलं.

त्यानं पहिल्यांदा केलेला बदल असा, की सॉफ्टवेअर अखंड बोलू लागलं. प्रत्येक आकडा, प्रत्येक स्टेशन. राजश्रीनं हेडफोन काढून ठेवला. "अहो, ह्याला गप करा. मला रेडिओ ऐकायचाय. माझे कान आधीच कामात हायत."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी सॉफ्टवेअर विचारल्याशिवाय बोलेना, आणि रंगीत रेघांचे सूर झाले होते... एका टोकाच्या रेघा डाव्या कानात, दुसऱ्या टोकाच्या उजव्या.

तिनं हेडफोन लावला. आधी काहीच कळेना. मग डावीकडे, पार तळाशी, मुंगी चालावी तसा एक सूर. त्याच्यावर दुसरा. उजवीकडे तिसरा. तिनं एक कळ दाबली. "जपान," आवाज आला. पुढचा सूर. "ब्राझील." ती श्वास धरून बसली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींवरून एवढी माणसं रोज जात होती, आणि आता ती तिच्याभोवती आपापल्या जागी उभी होती. तिनं नकळत हात पुढं केला. तो ओमकारच्या बाहीला लागला. दोघंही हलले नाहीत.

"काय ऐकू येतंय?" त्यानं विचारलं.

"आकाश एवढं मोठं हाय... डोळे होते तेव्हा कळलं न्हवतं."



"दिवस मावळायच्या आत जेवून घ्या रं," कांताबाईंनी हाक मारली. जैनाचं घर, अंधार पडल्यावर ताट वाढत नाहीत. ओमकार साडेपाचला इथं जेवे आणि अनगोळात आईसमोर पुन्हा.

पण आता काम संपत आलं होतं. राजश्रीला धसका बसला. ती चुका काढू लागली.

"हे बटण उशिरा बोलतंय."

"उशिरा?"

"लई न्हाय. जरासं."

तो मुकाट्यानं चूक लिहून घेई, आणि पुढच्या रविवारी परत येई.

एका शनिवारी सकाळी चाचणी ठेवली होती. तिनं निपाणीतून पाठवायचं, त्यानं अनगोळात ऐकायचं. कॉम्प्युटरचा आवाज वायरीतून सेटमध्ये जाई, आणि आवाज आला की सेट आपोआप प्रसारण सुरू करी. चाचणी झाली. ती सोय बंद करायला मात्र राजश्री विसरली. तिनं मैत्रिणीला लिहायला घेतलं. स्क्रीन रीडर एकेक वाक्य वाचून दाखवू लागला.

"रचना, सॉफ्टवेअर केव्हाच झालंय. मी मुद्दाम चुका काढते. काम संपलं की ओमकार येणार न्हाईत. ते कामासाठी येतात की माझ्यासाठी, कसं इचारू?"

यंत्राचा सपाट आवाज तिच्या कानात आला, आणि छपरावरच्या तारेतून बाहेरही गेला.

"राजश्री..." सेटमधून ओमकार बोलला. "तुमचा स्क्रीन रीडर एअरवर हाय."

 तिनं चाचपडत वायर काढली आणि माईक उचलला. "किती ऐकलं?"

"सगळं." तो थांबला. "आता माझं ऐका. कुठलं स्टेशन कुठं हाय ते दाखवणारा नकाशा हाय न्हवं, तो बोलता करणं दोन दिवसांचं काम. पावसाळ्यापासून मी त्याला हात लावला न्हाय."

"का?"

"ते झालं की निपाणीची बस कुठल्या तोंडानं धरू?"

ती काही बोलणार तोच तिसरा आवाज आला. चिकोडीचे बाळगोंडाअण्णा, त्या पट्ट्यातले सगळ्यांत जुने हॅम. "पोरांनो, मी हितं चहा पीत बसलोय. कोल्हापूरवालेबी कान लावून असतील. पुढचं फोनवर बोला की रं."

राजश्रीनं तोंडावर हात धरला आणि पोट दुखेपर्यंत हसली. मग फोन वाजला.

"उद्या येऊ?"

"कामाला?"

"न्हाय."

"मग या."

तेव्हापासून तो दर रविवारी कामाशिवाय येतो. ते एकच हेडफोन वाटून घेतात, एक कान तिचा, एक त्याचा, आणि कोण कुठून बोलतंय ते ऐकत बसतात. नकाशा अजून बोलत नाही. आणि चिकोडी-कोल्हापूरला कळलेली गोष्ट पलीकडच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या तिच्या वडिलांना, आप्पांना, अजून सांगायची आहे.