तळ्याकाठच्या हॉटेलातली येळवस

बसा जवळ. मध्ये कुणी उठायचं नाही, आणि खरं का खोटं ते विचारायचं नाही. मुडबीच्या मल्लिकार्जुनवर जे गुदरलं ते सांगतो. माणूस अजून आहे. आळंदच्या बाजारात तुरीची पोती उचलताना दिसेल. दिसला तर राम राम करा आणि पुढं व्हा.

साल २००६. डिसेंबरची वीस तारीख, बुधवार. येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आपल्याकडे गावात मांजरही सापडत नाही, सगळे रानात. बेसन लावलेली पिवळी भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. बांधावरून कुणीही जावो, सात पिढ्यांचा वैरी असो, त्याला 'या जेवायला' म्हणायचं. त्यानं 'होऊ द्या' म्हणून पुढं जायचं, नाहीतर बसायचं. बसला तर मात्र त्याला उपाशी उठू द्यायचं नाही. रीत एवढीच.

मल्लिकार्जुन पुण्याला कारखान्यात होता, सणाला आलेला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि बायको तुळजाची तीन पोटं वाया गेली होती. आता चौथ्याला सहावा महिना लागलेला. नवरा तिला तळहातावर झेलत होता, आणि का झेलू नये? डॉक्टरनं सांगितलं होतं, हे गेलं तर पुन्हा आशा नाही.

पोटुशी बाई चिंच मागते, भाजकी माती मागते. तुळजानं तळ्याकाठच्या हॉटेलातली एक रात्र मागितली. तळ्याचं नाव विचारू नका. निजामाच्या काळातला बंगला, शिसवी खांब, पितळी कड्या, पाण्यावर झुकलेला वरांडा. नव्या मालकानं 'जुन्या काळची शान' अशी पाटी लावून भाडं दुप्पट केलेलं. लहानपणी तुळजा आईबरोबर तिथल्या बागेत खुरपायला जायची. वरांड्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. तो डोहाळा तिनं वीस वर्षं पोटात ठेवला असणार.

"अमुशाला पोटुशी बाई पान्याकडं न्यायलास व्हय रं?" म्हातारी बाणूबाई लेकाला म्हणाली. "उद्या न्हाई का जमत?"

"उद्या रातच्याला माझी गाडी हाय, आई."

म्हातारीनं रानातलं उरलेलं जेवण डब्यात भरून दिलं आणि दोघं दिवस मावळायला हॉटेलात पोचली.

तिथला आचारी नरसिंग. डबा बघून त्यानं मल्लिकार्जुनला बाजूला घेतलं.

"अण्णा, खोलीत बसून जेवा. वरांड्यात बसलाव तर कुनाला या म्हनू नका."

"कामून?"

"हे तळं दुष्काळात खांदलंय. सायबलोक वर बसून जेवायचे. खांदनारी मान्सं त्या पायऱ्यांवरनं बघत मेली. कुनी एकदा बी या म्हनलं न्हाई."

मल्लिकार्जुन हसला. पुण्याचं पाणी प्यालेला माणूस! तुळजाला मात्र त्यानं हे सांगितलं नाही. उगीच भेदरेल म्हणाला. शहाणपण हे असं असतं, नको तिथं फुटतं आणि हवं तिथं गिळून बसतं.

साडेआठला करंट गेला. नरसिंग कंदील ठेवून मागं त्याच्या खोलीत गेला. दोघं वरांड्यात जेवायला बसली, वेताच्या खुर्च्या सोडून खाली, मांडी घालून. तुळजा खुशीत होती. खांबावरून हात फिरवून बघत होती.

पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं.

लुगड्यातली म्हातारी. पाण्याला लागून, अगदी शेवटच्या पायरीवर. तुळजा दिवसभर बांधावर जे म्हणत आली होती तेच म्हणाली.

"या आजी, जेवायला."

मल्लिकार्जुनचा घास हातात राहिला.

म्हातारी 'होऊ द्या' म्हणाली नाही. उठली. एकेक पायरी चढत वर आली आणि समोर बसली. लुगडं कोरडं होतं. पाऊल वाजलं नव्हतं.

तुळजानं वाढलं. म्हातारी खात राहिली. उंडे गेले. भज्जी गेली. आंबिलीचं भांडं तोंडाला लावलं ते रिकामंच खाली आलं. चावल्याचा आवाज नाही. गिळल्याचा नाही...

"अजून," म्हातारी म्हणाली.

"सरलं की, आजी."

"अजून."

ती ताटाकडं बघत नव्हती. तुळजाच्या पोटाकडं बघत होती.

मल्लिकार्जुन उठला. त्याला तुळजाचा दंड धरायचा होता. देवाशपथ धरायचा होता, असं तो रडून सांगतो. पण तेवढ्यात म्हातारीनं मान वळवली, त्याच्याकडं...

"पानी आनतो," तो म्हणाला.

खोलीत गेला. दार लावलं. पितळी कडी घातली.

"अवो..."

एकदाच. मग काही नाही. त्याचा हात कडीवर होता. निघाला नाही.

मग पुन्हा तुळजाचा आवाज आला. हळू. घरी पाहुण्याला आग्रह करायची तसा.

"घ्या... घ्या की..."

त्यानं कानावर उशी दाबली.

पहाटे कधीतरी दारावर थाप पडली. खाली, उंबऱ्याजवळ. हलकी. मग जरा वर. मग आणखी वर. घाई नव्हती. रात्र सरेपर्यंत थापा वर वर येत गेल्या. शेवटची कडीच्या वर पडली, जड, आणि थांबली.

त्यानं उघडलं नाही.

उजाडल्यावर नरसिंगची हाक आली तेव्हा कडी निघाली. तुळजा जागच्या जागी बसली होती. भांडी घासून पालथी घातलेली. अंगावर ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. पोट सपाट.

तिनं वर बघितलं. "पानी आनलं का?"

गुलबर्ग्याच्या डॉक्टरीण बाईंनी तिला दोनदा तपासलं आणि आधीच्या डॉक्टरचा कागद बाजूला ठेवला. या पोटात कधी काही वाढलंच नाही म्हणाल्या. तुळजा माहेरी गेली ती तिकडचीच झाली. त्या सकाळनंतर नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलावं तरी काय?

आणि ते दार. नरसिंगनं दाखवलं तेव्हा मल्लिकार्जुननं बघितलं. बाहेरच्या अंगाला, भज्जीच्या पिवळ्या हातांचे ठसे. उंबऱ्याजवळचा बोराएवढा. त्याच्यावरचा रांगत्या लेकराचा. मग शाळेत जाणाऱ्या पोराचा. असे एकावर एक, थेट वरपर्यंत. सगळ्यांत वरचा बाप्याचा पंजा होता, मोठा, रुंद. मल्लिकार्जुननं आपला उजवा हात उचलून त्याच्यावर टेकवला.

बोटाला बोट बसलं.