दुसऱ्याची ओ

लातूर नवा जिल्हा झाला, कचेरी बांधायला निघाली आणि तिच्यासाठी औशाकडच्या माळावर खाण फुटली. दुष्काळाचं साल. पेरायला काही नव्हतं, मग अख्खं गाव दगड फोडायला. खाण विरूपाक्षआप्पाची आणि सरपंचही विरूपाक्षआप्पाच. म्हणजे चोराची फिर्याद चोराच्याच ओट्यावर.

खाणीत एक कायदा होता, तो कुठल्या सरकारनं केलेला नव्हता. सुरुंगाची वात पेटवण्याआधी सुरुंगवाला गुंडप्पा एकेकाचं नाव पुकारायचा. ज्यानं त्यानं आडोशाला पोचून स्वतः 'ओ' द्यायची. दुसऱ्याची ओ आपण द्यायची न्हाई. शेवटची ओ आली की वात.

त्या दुपारी पंढरीच्या नावाला ओ आली नाही. गुंडप्पानं परत पुकारलं. लातूरचा ट्रक खोळंबला होता, आप्पा जीपमध्ये घामानं निथळत होता.

"ओ!" आप्पाच ओरडला. "सरकला की तो. लाव! मुहूर्त बघायलास का?"

काठावर खडी फोडणारी सरजाबाई ताडकन उठली. पंढरी तिचा नवरा, त्याचा आवाज तिला ठाऊक होता. ती तोंड उघडेस्तोवर माळ हादरला.

"पळाला गं तो निजामाबादला," आप्पा संध्याकाळी म्हणाला. "नवी बाई केली असंल."

त्यानं ढिगारा उपसू दिला नाही. पंचायतीनं लिहून दिलं, बेपत्ता. दगड भरून ट्रक जातच राहिले.

त्या जागेचे दगड भल्या सकाळीही कोमट लागायचे. लोक म्हणाले, ऊन धरलंय. ट्रकवाला मन्मथ म्हणाला, "वाटेनं मागं कोणतरी दम टाकायलंय, अक्का." पुढं त्यानं दगड वाहणंच सोडलं.

सरजाबाईनं अर्ज केला. "पैसा नगं साहेब, खाण उपसा. मातीला माणूस तरी द्या." कचेरी म्हणाली, सरपंचाचा दाखला आण.

कचेरी उभी राहिल्यावर एकदाची सुनावणी लागली. त्याच खाणीच्या काळ्या घडीव दगडाच्या भिंतीला टेकून ती बाकड्यावर बसली. समोर आप्पा, खाणीचा परवाना वाढवून घ्यायला आलेला. पान चघळत हसला. "अजून हुडकायलीस का गं त्याला?"

दारातून शिपाई अर्जातलं नाव ओरडला, "पंढरी लिंबाजीऽ! हाय का कोणी?"

सरजाबाईच्या ओठापर्यंत शब्द आला. तिनं तो गिळला. दुसऱ्याची ओ द्यायची न्हाई.

"ओ."

तिच्या पाठीमागून आली. भिंतीतून. दमलेली, घशात धूळ बसलेली.

आतल्या बाबूनं मान वर केली नाही. "हजर. माणूस सापडला, अर्ज निकाली."

"साहेब, ती भिंत..."

"हजर म्हंजे हजर, बाई." शिक्का पडला.

तिनं भिंतीवर तळहात ठेवला. दगड कोमट होता.

"विरूपाक्ष गुरुलिंगऽ!"

आप्पानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. पानाचा लाल ओघळ हनुवटीवर आला.

"ओ," भिंत म्हणाली. आवाज तोच, पंढरीचा.

"हजर," बाबू म्हणाला.

आप्पाच्या बाकड्याखालून कुठून तरी जळत्या वातीचा वास यायला लागला.

सरजाबाई उठली. घाई केली नाही. जिन्यापलीकडच्या आडोशाला जाऊन बसली, पदर डोक्यावर ओढला आणि दोन्ही कानांत बोटं घातली.